सतरावा तालुका

मोगरगे सरांनी माझ्या आराखड्याचं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि तिसऱ्यावर चहाचा कप ठेवला.

"पायवाटा," ते म्हणाले. "पायवाटांवर पीएच.डी. करायची तुम्हाला?"

मी म्हटलं, हो सर. गावोगाव डांबरी रस्ते झाले तेव्हा जुन्या पायवाटांचं काय झालं आणि त्यांच्यावरून चालणाऱ्या माणसांचं काय झालं, ते मला बघायचंय.

"काय व्हायचंय? वाटा बुजल्या, माणसं एस.टी.त बसली." त्यांनी कप उचलला. पानावर गोल डाग राहिला, नेमका 'संशोधनाचे महत्त्व' या मथळ्यावर. "झाला तुमचा प्रबंध. आता विषयाचं बोलू."

विषय त्यांच्याकडे तयारच होता. पाठीमागच्या काचेच्या कपाटात काळ्या बांधणीचे सोळा प्रबंध ओळीनं उभे होते. जाडी सारखी, सोनेरी अक्षरं सारखी आणि नावसुद्धा सारखंच, भूमी उपयोजनातील बदलांचा भौगोलिक अभ्यास. फरक काय तो तालुक्याच्या नावाचा. कोणत्या तालुक्यात किती जमीन पेऱ्याखाली, किती पडीक, किती कुरणाला, आणि वीस वर्षांत त्यात काय बदललं, एवढंच. सरांच्या हाताखाली सोळा जण असे डॉक्टर झाले होते. माझा तालुका अजून कुणी घेतला नव्हता. आकडे तहसीलमध्ये मिळतात, प्रकरणांची मांडणी ठरलेली आहे, तुम्ही फक्त तालुका बदलायचा, असं ते अगदी मायेनं मला सांगत होते.

मी तेव्हा एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायचे. पीएच.डी.शिवाय कायम होण्याची आशा नव्हती. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा मी पास झाले होते, पण दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या मार्गदर्शकाची संमती मिळाली नाही तर ती परीक्षा फुकट जाणार होती. आणि भूगोल विभागात जागा रिकामी होती ती एकट्या मोगरगे सरांकडे, तीही एकच. अडला हरी म्हणतात तो मीच.

तरी मी पायवाटांना चिकटून होते, आणि त्याला कारण होतं. आमच्या पिंपळदरीहून आडगावच्या शाळेला एक पायवाट जायची. ओढा ओलांडून, गायरानातून, अर्ध्या तासात शाळा. आम्ही सगळ्या पोरी घोळक्यानं त्या वाटेनं जायचो. मी दहावी झाले त्याच वर्षी गावाला डांबरी रस्ता आला. गावानं पेढे वाटले. रस्ता मात्र फाट्यावरून वळसा घेऊन जायचा, तीनपट लांब. वाट कुणी वापरत नाही म्हणून शेतकऱ्यांनी ती एका हंगामात नांगरून टाकली. एस.टी. यायची दोनदा, तीही शाळेच्या वेळेला नाही. माझी धाकटी बहीण शेवंता सातवीत होती. तिची शाळा त्या रस्त्यानं बंद केली. ती माझ्यापेक्षा हुशार होती आणि मी विद्यापीठात सरांपुढे बसले होते त्या दिवशी ती कुणाच्या तरी रानात सोयाबीन खुरपत होती.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "बघू. पुढच्या गुरुवारी या."

मग गुरुवार सुरू झाले. सकाळची पहिली गाडी पकडायची, बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, आत बोलावणं आलं की तेच बोलणं करायचं. मी पायवाटा म्हणायचे, ते तालुका म्हणायचे. ते नाही म्हणत नव्हते आणि मी हो म्हणत नव्हते. शेवटी "बघू". त्या 'बघू'चा मला इतका वीट आला होता की घरी कुणी भाजी आणताना 'बघू' म्हटलं तरी मी भांडायला उठायचे.

श्रावणात विभागात एक चर्चासत्र झालं. सरांनी मलाही बोलावलं होतं, म्हणजे नाश्त्याच्या बशा मांडायला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तशी सरांची जुनी-नवी सगळी विद्यार्थी मंडळी त्यांच्या पाया पडायला रांगेनं निघाली. मीही निघाले. पहिल्याच रांगेत सरांपासून दोन खुर्च्या सोडून एक म्हातारे गृहस्थ मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते. त्यांच्यासमोरून सगळे जात होते, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. आमच्या घरची शिकवण अशी, की चार जण बसलेले असतील तर आधी सगळ्यांत वडील माणसाच्या पाया पडायचं. ओळख असो नसो. मी वाकले.

आजूबाजूची कुजबुज एकदम थांबली. माझ्या ते लक्षात आलं, पण कारण कळलं नाही. त्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं.

"कोण्या गावची तू?"

मी गाव सांगितलं. अभ्यास कशाचा, विचारल्यावर मी पायवाटा म्हटलं. त्यांना हसू आलं. "चालून बघितल्यास का नुसत्या कागदावर?" असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चांगला दोन-तीन क्षण तसाच राहू दिला.

मग मी मोगरगे सरांकडे वळले, तर ते पाय मागे घेत म्हणाले, "असू द्या, असू द्या." नमनालाच माझं घडाभर तेल सांडलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी आत गेले तेव्हा सरांनी आराखड्याचा विषयच काढला नाही. दार लोटून घ्यायला सांगितलं.

"काय म्हणाले ते?"

"कोण सर?"

"ज्यांच्या पाया पडलात ते."

मी झालेलं बोलणं सांगितलं. ते दोन वाक्यांत संपलं. सर पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. आणखी काही, असं विचारलं. मी नाही म्हटलं. विभागाबद्दल काही विचारलं का? नाही. पुढच्या गुरुवारी या म्हणाले.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. पुन्हा भेट झाली का, कुठं दिसले का, काही म्हणाले का. मी पहाटे उठून, दोन गाड्या बदलून, पोळी कागदात गुंडाळून इतक्या लांब यायचे ते एका म्हाताऱ्या माणसाची खबर द्यायला का, असं मला ओरडून विचारावंसं वाटत होतं. बाहेर येऊन मी बाकड्यावर पर्स आपटली.

विभागाचा शिपाई गौसभाई पाणी घेऊन आला. तो तिथं पंचवीस वर्षं होता. मी त्यालाच विचारलं, की ते पहिल्या रांगेतले म्हातारे कोण.

"कंधारकर साहेब की," गौसभाई म्हणाला. "आपल्या साहेबांचे साहेब. ह्यांना पीएच.डी. त्यांनीच दिली. पोरासारखं ठेवलेलं होतं घरात."

मग त्यानं हळू आवाजात बाकीचं सांगितलं. कंधारकर सर निवृत्त होताना त्यांना मानद प्राध्यापक म्हणून विभागात ठेवून घ्यावं असा ठराव आला होता. बैठकीत सगळ्यांनी हात वर केला. मोगरगे सरांनी नाही केला. तेच विभागप्रमुख व्हायचे होते, डोक्यावर गुरू नको वाटला असेल. एका हातानं ठराव पडला नाही, पण कंधारकर सरांनी दुसऱ्या दिवशी आपली पुस्तकं रिक्षात भरली आणि गेले. तेव्हापासून दोघं एका शहरात राहतात, एका कार्यक्रमात बसतात आणि बोलत नाहीत. विद्यार्थ्यांना हे माहीत असतं. त्यामुळे कुणी त्यांच्या पाया पडत नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं ते मी.

दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली. मी एका गुरुवारी सरळ आत गेले आणि म्हटलं, सर, माझं वर्ष जाईल. पायवाटा द्यायच्या नसतील तर तसं सांगा, पण का ते सांगा.

सर उठले. कपाटाच्या बाजूला भिंतीवर एक गुंडाळी टांगलेली होती, तिची दोरी त्यांनी सोडली. आमच्या सगळ्या भागाचा हातानं काढलेला मोठा नकाशा होता. सतरा तालुके. सोळा तालुके रंगीत पेन्सिलींनी भरलेले, शेत हिरवं, पडीक पिवळी, कुरण तपकिरी, इतक्या बारीक रेषांनी की जवळ जाऊन बघावं लागलं. मधोमध एक तालुका कोरा. तो माझा.

"हे सरांचं काम आहे," ते म्हणाले. कोणत्या सरांचं ते त्यांनी सांगितलं नाही. "त्यांची इच्छा होती. सगळा भाग, तालुकावार, एकाच पद्धतीनं. मला म्हणाले होते, शिवराज, हे एकदा पूर्ण झालं पाहिजे. मी एकेका विद्यार्थ्याला एकेक तालुका देत आलो. सोळा झाले."

"आणि सतरावा झाला की?"

"झाला की घेऊन जाईन त्यांच्याकडे."

मला त्या माणसाची दया यायला हवी होती. मला संताप आला. यांनी एका बैठकीत हात वर केला नाही, त्याची भरपाई सोळा जणांनी आपापली वर्षं घालून करायची आणि सतरावी मी. पण भांडून उपयोग नव्हता. मी वेगळा विचार केला. ज्यांची इच्छा, त्यांनीच मोकळं केलं तर? कंधारकर सरांनी एक शब्द टाकला, की सतरावा राहू दे, तर मोगरगे सर काय बोलणार होते?

त्या दुपारी मी पत्ता विचारत कंधारकर सरांच्या घरी गेले. ते अंगणात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मला ओळखलं. "पायवाटवाली ना तू?" म्हणाले आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. मी शेवंताची गोष्ट सांगितली. त्यांनी मध्ये मध्ये नेमकं विचारलं, ओढ्यावर साकव होता का, गायरान कुणी लाटलं, रस्त्याची आखणी कुणाच्या सोयीनं झाली. माझ्या विषयाबद्दल इतके प्रश्न मला तोवर कुणी विचारले नव्हते. मला रडू यायला लागलं.

मग मी मूळ बोलणं काढलं. मोगरगे सरांनी तुमच्या इच्छेसाठी सोळा तालुके केलेत, सतराव्यासाठी माझी जागा अडलीय.

ते शेंगा सोलायचे थांबले.

"माझी इच्छा? कोणती?"

मी नकाशाचं सांगितलं. ते आठवायचा प्रयत्न करत होते, हे दिसत होतं. खोटं करत नव्हते.

"असं म्हणालो असेन कधी चहा पिताना," शेवटी ते म्हणाले. "आम्ही लई बोलायचो तेव्हा. पण सतरा? एकाच पद्धतीनं? कशाला पण, माय? दोन-तीनांत सगळं कळून येतं की."

मी म्हटलं, मग तेवढं तुम्ही सरांना सांगा. एक चिठ्ठी द्या, फोन करा.

"मी नाही सांगणार. त्याला इथं यायला काय झालं?"

"ते काम पूर्ण झाल्याशिवाय येणार नाहीत."

"मग बसू दे," असं म्हणून त्यांनी परात पुन्हा ओढून घेतली. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा दोन्ही म्हाताऱ्यांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी असं मला वाटत होतं.

पुढचा गुरुवार दिवाळीआधीचा शेवटचा. गाडीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होते. सर, ते म्हणाले, चहा पिताना बोललो असेन. सर, ते म्हणाले, सतरा कशाला. एवढं बोललं की काम होणार होतं. ज्या खुंटीवर सोळा प्रबंध टांगले होते ती खुंटीच निघाली असती, आणि मग माझ्या पायवाटांना नाही म्हणायला त्यांच्याजवळ कारण उरलं नसतं. मला ते वाक्य बोलायची घाईच झाली होती. खरं सांगायचं तर गोडी लागली होती.

गौसभाईनं या वेळी मला बाकड्यावर बसवलं नाही. मी कंधारकर सरांच्या घरी गेल्याचं सरांना कुणीतरी सांगितलेलं होतं. मी आत गेले तर सर उभे होते. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली आणि मला बसायला सांगितलं. असं आधी कधी झालं नव्हतं. नकाशा भिंतीवर उघडाच होता आणि खालच्या टेबलावर हिरवी, पिवळी, तपकिरी पेन्सिल टोक करून ठेवलेली होती.

"गेला होतात ना?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाले सर?"

पन्नाशी ओलांडलेला, विभागप्रमुख असलेला माणूस. आणि आवाज दहावीचा निकाल विचारणाऱ्या पोराचा. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं.

"विचारत होते," मी म्हणाले, "किती तालुके झाले म्हणून."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"सोळा झाले म्हटलं. एक राहिलाय."

मी हे बोलले आणि मला कळलं की मी काय केलं. कुणीही मला ढकललं नव्हतं. माझ्याच तोंडानं मी तो सतरावा तालुका गळ्यात बांधून घेतला होता. सरांनी खण उघडून संमतीचा कागद काढला आणि 'विषय' या शब्दापुढे पेन टेकवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. परतीच्या गाडीत मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

चार वर्षं मी हिरवं, पिवळं, तपकिरी मोजलं. चौथ्या प्रकरणात 'बिगरशेती वापर' या मथळ्याखाली अडीच पानं पायवाटांवर घुसवली. सरांनी त्यावर लाल रेघ मारली नाही, एवढंच. मौखिकी झाली, टाळ्या झाल्या, पेढे झाले आणि दुसऱ्याच दिवशी सर नकाशाची गुंडाळी काखेत मारून माझ्या दारात उभे. स्कूटरवर बसा म्हणाले.

कंधारकर सर आता खाटेवर होते. मोगरगे सर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. म्हाताऱ्या हातानं त्यांचं डोकं चाचपलं, मग खांदा.

"उशीर केलास, शिवराज. मला आता धड दिसत नाही."

तरी सरांनी नकाशा खाटेवर पसरला आणि सतरा तालुके मोजून दाखवले. कंधारकर सर कागदावर बोटं फिरवत होते.

"एवढं मोठं काम. कुणी सांगितलं होतं रे करायला?"

चार वर्षं मी या प्रश्नाला भीत होते. मोगरगे सरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कुणी नाही सर. मनात आलं म्हणून केलं."

मग म्हातारबुवांनी माझा प्रबंध मागितला, हातात तोलला आणि तूच काहीतरी वाचून दाखव म्हणाले. मी कोणतं पान उघडणार होते? पिंपळदरी ते आडगाव वाचलं. अडीच पानं लगेच संपली.

"हे चांगलंय," ते म्हणाले. "हेच का नाही केलंस सगळं?"

मोगरगे सर नकाशा गुंडाळायला लागले.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी सरांनी तालुक्यांचं काही विचारलं नव्हतं ना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, नाही सर.

"मला तेव्हाच कळलं होतं. त्यांना मी ओळखतो. ते असं विचारणाऱ्यातले नाहीत." त्यांनी किल्ली शोधायला खिसे चाचपले. "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, म्हणून तर सही केली."

चार वर्षांचा राग मी तिथंच काढला.

"कळलं होतं तर मग पायवाटा का नाही दिल्यात, सर?"

ते खरोखर विचारात पडले. मग नकाशाची गुंडाळी त्यांनी माझ्या हातात दिली, म्हणजे त्यांना किक मारता यावी.

"एकच राहिला होता हो, मॅडम."